परदेशी भाषेचे शब्द शिकवताना चित्र कधी दाखवायचं आणि कधी झाकायचं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. मी पुण्यात जपानी शिकवते. शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये बहुतेक जण आयटीतले, नाहीतर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे, डिसेंबरची एन-५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वात सोपी पातळी) द्यायची म्हणून आलेले. धागा काढायला निमित्त असं की नव्यानं शिकवायला लागलेल्यांच्या ग्रुपवर सध्या फ्लॅशकार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे फिरताहेत. सफरचंदाचं चित्र, खाली 'रिंगो'. छत्रीचं चित्र, खाली 'कासा'. चित्रं सुरेख असतात, करणाऱ्यानं मेहनतही घेतलेली दिसते. पण ती वर्गात वापरायची कशी, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. माझं मत ठाम आहे: चित्राचा खरा उपयोग शब्द विद्यार्थ्याच्या तोंडून काढून घेण्यासाठी करावा. चित्राखालीच शब्द छापलेला असला की विद्यार्थी मान डोलावतो आणि पुढच्या कार्डाकडे बघतो. डोक्याला काही कामच उरत नाही.

एक उदाहरण तपशिलात सांगते. अंगावर चढवायच्या वस्तूंसाठी जपानीत एकच क्रियापद नाही. शर्ट, कोट, किमोनो यांना 'किरु'. पँट, मोजे, बूट यांना 'हाकु'. टोपी 'काबुरु', चष्मा 'काकेरु', घड्याळ किंवा टाय 'सुरु'. पुस्तकात याचा तक्ता असतो आणि मुलं तो परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. मी फळ्यावर फक्त माणसाची बाह्याकृती काढते आणि कमरेवर एक आडवी रेघ मारते. शब्द एकही लिहीत नाही. मग एकेक वस्तू हातात धरून आकृतीवर योग्य जागी टेकवायची आणि क्रियापद म्हणायचं. तीन-चार वस्तू झाल्या की मी गप्प राहते, वस्तू फक्त दाखवते. बूट दाखवला की वर्ग आपणहून 'हाकु' म्हणतो, कारण तो रेघेच्या खाली जातो हे त्यांनी स्वतः पकडलेलं असतं. पुण्यात आणखी एक सोय म्हणजे प्रत्येक बाकावर हेल्मेट असतंच, त्यामुळे 'काबुरु'साठी चित्र लागत नाही. एका मुलीनं तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ दाखवून विचारलं, याला काय? तो गुंडाळायचा, म्हणून 'माकु'. हा शब्द एन-५ च्या यादीत नाही, पण त्या वर्गात तो कुणी विसरलेलं नाही. तिला तो हवा होता म्हणून तो आला.

आपल्याकडेही साडी नेसतात, शर्ट घालतात, चष्मा लावतात, फेटा बांधतात. त्यामुळे मराठी मुलांना ही वाटणी विचित्र वाटत नाही, हा आपला फायदाच.

दुसरा मुद्दा शब्दाच्या हद्दीचा. पाण्याचा ग्लास दाखवून 'मिझु' शिकवलं की विद्यार्थ्याला वाटतं मिझु म्हणजे पाणी, विषय संपला. पण गरम पाण्याला जपानी माणूस मिझु म्हणत नाही, त्याला 'ओयु' हा वेगळा शब्द आहे. एका चित्रातून शब्द कुठे संपतो ते कळत नाही. म्हणून मी नेहमी तीन चित्रं घेते: वाहता नळ, थंड पाण्याची बाटली आणि वाफाळती किटली. पहिल्या दोन चित्रांना 'मिझु', तिसऱ्याला मी मान हलवून नकार देते आणि थांबते. 'मग हे काय?' असं वर्गानं विचारल्यावरच 'ओयु' सांगते.

तुम्ही कुठलीही परदेशी भाषा शिकवत किंवा शिकत असाल, तर चित्रं, वस्तू, हावभाव कसे वापरता ते सविस्तर लिहा.

---

रानजाई

छान विषय! मी विद्यार्थी आहे, फ्रेंच शिकतेय. पण चित्रासोबत शब्द जास्त लक्षात राहतो असं सगळीकडे वाचलंय. मग चित्राखाली शब्द लिहिलेला असला तर बिघडलं कुठे?

---

कोपऱ्यातला_बाक

@रानजाई, तुम्ही वाचलंय ते खोटं नाही, अर्धं आहे. मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७१ च्या सुमारास मांडलं की आपण माहिती दोन वाटांनी साठवतो, शब्दरूपानं आणि प्रतिमारूपानं, आणि दोन्ही वाटा असल्या की आठवायला सोपं जातं. चित्रं शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात हेही अनेकदा दिसलंय. पण त्यात लक्षात राहतं ते चित्र! परकीय शब्दाचा आवाज लक्षात राहील याची हमी त्यात नाही.

शाना कार्पेंटर आणि केली ऑल्सन यांनी २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. इंग्रजी बोलणाऱ्यांना स्वाहिली शब्द शिकवले, एकदा चित्रांबरोबर आणि एकदा इंग्रजी अर्थाबरोबर. चित्रांनी शिकलेले शब्द जास्त चांगले आले नाहीत. मात्र चित्र बघताना लोकांना 'हा शब्द मला येणार' असा फाजील विश्वास वाटत होता. पुढचं जास्त महत्त्वाचं. मध्ये आठवून काढायचा सराव दिला, किंवा 'तुम्हाला वाटतं तितकं येत नसतं' अशी आधी सूचना दिली, की तो फाजील विश्वास गेला आणि मग चित्रांनी शिकलेले शब्द खरंच जास्त चांगले आले.

म्हणजे निळीशाई वस्तू हातात धरून गप्प उभ्या राहतात ती शांतताच कामाची आहे.

जोडीला कार्पिक आणि रोडिगर यांचा २००८ चा प्रयोग. ४० स्वाहिली-इंग्रजी जोड्या. ज्यांना शब्द एकदा आल्यानंतरही पुन्हा पुन्हा आठवून काढायला लावलं, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के आले. एकदा आला म्हणून ज्यांची चाचणी थांबवली, त्यांना सुमारे ३५ टक्के, मग त्यांनी पुढे कितीही वाचलं असो.

---

रानजाई

धन्यवाद. माझ्या ॲपमध्ये चित्र आणि शब्द एकाच बाजूला दिसतात. आज सेटिंग बदलते.

---

डेर_डी_डास

जर्मन ए-१, म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, शिकवतो. निळीशाईंना पूर्ण अनुमोदन, पण जर्मनमध्ये चित्रावर आणखी एक ओझं असतं: लिंग. नुसता शब्द येऊन चालत नाही, आर्टिकलसकट यावा लागतो, म्हणजे नामाआधी लागणाऱ्या 'डेर' (पुल्लिंग), 'डी' (स्त्रीलिंग) किंवा 'डास' (नपुंसकलिंग) यांसकट. बहुतेक पुस्तकांत 'डेर' निळा, 'डी' लाल, 'डास' हिरवा अशी रंगांची पद्धत असते आणि ती चांगली आहे. मी ताट वाढल्यासारखं टेबल मांडतो, कारण चमचा 'डेर ल्योफेल', काटा 'डी गाबेल' आणि सुरी 'डास मेसर', एकाच ताटाभोवती तिन्ही लिंगं! मराठीलाही तीन लिंगं आहेत, पण ती जुळतात असं नाही. म्हणून मी पहिल्याच तासाला बजावतो की मराठीवरून अंदाज बांधायचा नाही.

खरी गंमत क्रियापदांची. मराठीत ग्लास टेबलावर 'आहे', पुस्तक टेबलावर 'आहे', तसबीर भिंतीवर 'आहे'. जर्मनमध्ये ग्लास 'श्टेट' म्हणजे उभा असतो, पुस्तक 'लीग्ट' म्हणजे पडलेलं असतं, तसबीर 'हेंग्ट' म्हणजे टांगलेली असते. इथे चित्राशिवाय मी शिकवूच शकत नाही. पण चित्र नीट निवडलं नाही तर घोटाळा होतो. ग्लास आणि बाटली दाखवून 'उभी वस्तू श्टेट' असं शिकवलं, की पुढच्या तासाला ताटली येते. ताटली चपटी, म्हणून सगळे एका सुरात 'लीग्ट' म्हणतात. जर्मन माणूस मात्र म्हणतो 'डेर टेलर श्टेट', कारण ताटली आपल्या बुडावर बसलेली असते. म्हणून मी ताटली पहिल्याच संचात घेतो. आधी सरळ ठेवतो: श्टेट. मग ग्लास आडवा करतो: लीग्ट. उंची बघायची नाही, वस्तू बुडावर आहे का ते बघायचं, हे वर्ग स्वतः शोधून काढतो.

आणि ब्रोटचं, म्हणजे ब्रेडचं, चित्र इंटरनेटवरून घेऊ नका बाबांनो. पांढऱ्या स्लाइस ब्रेडचा फोटो लावला की विद्यार्थ्याच्या डोक्यात जन्मभर तोच बसतो. जर्मन ब्रोट म्हणजे राईचं गडद, वजनदार, कडक सालीचं प्रकरण. रात्रीच्या थंड जेवणाला 'आबेन्डब्रोट' (शब्दशः 'संध्याकाळचा ब्रेड') का म्हणतात, हे तो ब्रेड बघितल्याशिवाय पचत नाही.

---

गारगोटी

@डेर_डी_डास, रंगांबद्दल एक सांगते. माझ्या भावाला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. जर्मन शिकताना त्याला 'डी' आणि 'डास'ची कार्डं सारखीच वाटायची आणि त्यानं वर्गात कधी सांगितलं नाही. रंगांधळेपणाचा हाच प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि पुरुषांमध्ये जास्त. तुमच्या प्रत्येक बॅचमध्ये असा एखादा असू शकतो. रंगाबरोबर आकारही द्या: डेरला चौकोन, डीला गोल, डासला त्रिकोण.

---

डेर_डी_डास

@गारगोटी, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. कार्डांना चौकटीचे आकार देतो, या आठवड्यातच.

---

स्पष्टवक्ता

माझा विरोधी सूर. दहा मिनिटं खर्चून तीन चित्रं दाखवून 'ओयु' शिकवण्यापेक्षा 'मिझु म्हणजे गार पाणी, ओयु म्हणजे गरम पाणी' एवढं मराठीत सांगितलं तर पाच सेकंदांत काम होतं. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवायचा हट्ट जुना आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेत शाळा काढली, तेव्हापासून 'फक्त शिकायची भाषा बोला, वस्तू दाखवा' ही पद्धत चालत आली. वर्गात वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक असतील, तिथे ते ठीकच. आपल्या वर्गात सगळ्यांना मराठी येते. मग हे मुक्याचं नाटक कशाला?

तांदळाचंच घ्या. शेतातलं पीक 'इने', टरफल काढलेला दाणा 'कोमे', शिजवलेला 'गोहान'. इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजावायला तीन चित्रं लागतात, कारण त्याच्याकडे एकच शब्द आहे. आपल्याकडे शेतातलं भात, तांदूळ आणि ताटातला भात आहेच. सांगा आणि पुढे जा.

---

निळीशाई

@स्पष्टवक्ता, भाताचं अगदी पटलं, मीही तिथे चित्र काढत नाही. मराठीत नेमका जोडीदार शब्द असेल तिथे मराठीच सरस. पण 'श्टेट' आणि 'लीग्ट'ला मराठीत एकच 'आहे' आहे. 'किरु' आणि 'हाकु'ला मराठीत एकच 'घालणे' आहे. मराठीतून सांगायला गेलं की 'कमरेच्या वर घालणे' अशी व्याख्या होते. मग बोलताना आधी 'घालणे' आठवतं, मग कंबर आठवते, आणि तोपर्यंत समोरचा जपानी माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. तिथे वस्तूवरून थेट शब्दावर जायची सवयच लावावी लागते.

आणि वेळेचं म्हणाल, तर पाच सेकंदांत सांगितलेला शब्द पुढच्या शनिवारी विचारून बघा.

---

स्पष्टवक्ता

मान्य, मराठीत जोड नसेल तिथे चित्र. पण 'स्वातंत्र्य', 'अनुभव', 'सवय' यांचं काय? कबुतर उडताना दाखवून 'स्वातंत्र्य' शिकवणारे मी पाहिलेत. वर्गाला वाटलं शब्दाचा अर्थ 'पक्षी'.

---

कोपऱ्यातला_बाक

अमूर्त शब्दांना चित्र देऊ नये, प्रसंग द्यावा. नाहीतर थेट मराठी अर्थ. तिथे हट्ट नकोच.

एक वेगळा प्रकार मात्र मराठीच्या मदतीनं चालतो. १९७५ मध्ये रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकल रॉ यांनी विद्यार्थ्यांना रशियन शब्द शिकवले. रशियन शब्दासारखा ऐकू येणारा एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि दोघांचं मिळून मनात चित्र रंगवायचं. असं करणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आले, इतरांना ४६ टक्के. इथे चित्र कागदावर नसतं, शिकणारा ते स्वतः बनवतो. जपानीत गायीला 'उशि' म्हणतात. गाय उशीवर डोकं टेकून झोपली आहे, असं एकदा डोळ्यांसमोर आणा. मांजर 'नेको', दूध पुढे केलं तरी 'नको' म्हणतंय.

---

वहीतलं_पान

वर्गाच्या भिंतीवर लावायच्या फळांच्या, भाज्यांच्या, प्राण्यांच्या तक्त्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. बारा फळं एका कागदावर, एका तासात सगळी. माझा अनुभव असा की मुलं मग संत्र्याला पेर म्हणतात आणि पेरला पीच. टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि नंतर वेअरिंग यांनी १९९७ मध्ये दाखवलं की एकाच गटातले नवे शब्द एकदम शिकवले तर ते एकमेकांत गुंततात, असंबद्ध शब्द त्यापेक्षा लवकर येतात. तरी पाठ्यपुस्तकात धडा म्हणजे 'फळे'च!

मी फळं प्रसंगात वाटून टाकते. एक नाश्त्याच्या चित्रात, एक बाजाराच्या, एक आजारी माणसाला भेटायला नेलेल्या पिशवीत. सगळी येऊन गेली की तक्ता उजळणीला काढते. उजळणीला तक्ता उत्तम आहे, पहिल्या भेटीला वाईट.

अवांतर: चित्रं घालून भाषा शिकवायची कल्पना किती जुनी आहे बघा. सतराव्या शतकातले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं लॅटिन-जर्मन सचित्र पुस्तक न्यूरेंबर्गला १६५८ मध्ये छापलं गेलं. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा, आणि तोच आकडा मजकुरात त्या शब्दाला. म्हणजे नाव चित्राखाली चिकटवलेलं नव्हतं, आकड्यावरून शोधायचं होतं. निळीशाईंना आवडेल.

---

निळीशाई

@वहीतलं_पान, आवडलंच! चित्रावर फक्त आकडे आणि शब्द पाठीमागे, असं वर्कशीट करायला कागदाखेरीज खर्च नाही.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. पोर्तुगीज शिकतो आहे, शिकवत नाही. आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी चित्रं आणलीच नाहीत. एक टोपली आणली. बटाटा, अननस, काजू, पाव, एक चावी. म्हणाल्या, यांची नावं तुम्ही घरात रोज पोर्तुगीजमध्येच घेता. खरंच, 'बाताता', 'आनानाश', 'काजु', 'पांव', 'शाव'. मग खिडकीकडे बोट: 'जनेला'. कोकणीत जनेल. ज्या वर्गाला 'पोर्तुगीज अवघड' वाटत होतं त्याची भीती त्या टोपलीनं घालवली. वस्तू हातात आली की तिचा वास, वजन सगळं शब्दाबरोबर येतं. फोटोतल्या अननसाला वास नसतो.

---

दूरदेशी_आजी

मी न्यू जर्सीत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी मदत करते. इथल्या नातवंडांना मराठी जवळपास परदेशी भाषाच आहे. चित्रांचा आमचा अनुभव वेगळा आहे. 'पोळपाट', 'किसणी', 'झारा' यांची चित्रं दाखवली की मुलं बघतात आणि विसरतात. म्हणून प्रत्येकाला सांगितलं, स्वतःच्या घरातल्या वस्तूचा फोटो काढून आणा. 'ही माझ्या आईची किसणी' म्हणताना मूल शब्दाबरोबर 'माझ्या', 'आईची' हेही बोलून जातं. विकतच्या चित्रावर बोलायला त्याच्याकडे काही नसतं. घरच्या किसणीवर बोलायला भरपूर असतं: ती कुणी आणली, तिनं कुणाचं बोट कापलं, गाजर हलवा कधी झाला.

---

स्पर्शरेषा

सगळी चर्चा डोळ्यांभोवती फिरते आहे म्हणून लिहिते. माझ्या जपानीच्या वर्गात एक पूर्ण अंध विद्यार्थिनी आहे. तिच्यामुळे माझी चित्रं गेली आणि वस्तू आल्या, आणि त्याचा फायदा साऱ्या वर्गाला झाला.

जपानीत मोजताना वस्तूच्या आकाराप्रमाणे प्रत्यय बदलतो. लांबट वस्तूंना 'होन', पातळ सपाट वस्तूंना 'माई', पुस्तकवह्यांना 'सात्सु'. पिशवीत पेन्सिली, कागद, वह्या, एक छत्री, एक बाटली. हात आत घालायचा, न बघता ओळखायचं आणि मोजायचं: इप्पोन, निहोन, साम्बोन (एक, दोन, तीन; 'होन'चा उच्चार आकड्याप्रमाणे बदलतो). डोळस मुलांनाही डोळे मिटून करायला लावते. चित्रात छत्री, पेन्सिल आणि बाटली एका गटातल्या वाटतच नाहीत. हातात घेतल्या की वाटतात, कारण तिन्हींवर मूठ सारखीच वळते. 'माई'च्या वेळी कागद, शर्ट, तिकीट यांवर तळवा सपाट फिरतो.

जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात 'उठा, चाला, दार उघडा' अशा आज्ञा पाळत भाषा शिकवायची पद्धत काढली, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगांत जपानीच वापरली होती. आज्ञा प्रत्यक्ष पाळून शिकायला नजर लागतेच असं नाही.

---

निळीशाई

@स्पर्शरेषा, मुठीचं आणि तळव्याचं मी उचलते आहे. 'होन' शिकवायला इतकी स्वच्छ वाट मला आजवर सापडली नव्हती.

---

रानजाई

निळीशाई, एक शेवटचं विचारते. माझी मैत्रीण जपानी शिकतेय, ती देण्याघेण्याच्या क्रियापदांना अडली आहे. 'आगेरु' आणि 'कुरेरु' दोन्हींचा अर्थ 'देणे' लिहिलाय म्हणे. याला चित्र आहे का?

---

निळीशाई

आहे, आणि इथे चित्र अगदी हवंच. मी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढते. आत 'मी' आणि माझ्या घरचे, बाहेर बाकी सगळे. बाण आतून बाहेर गेला की 'आगेरु'. बाण बाहेरून आत आला आणि वाक्य देणाऱ्यापासून सुरू केलं की 'कुरेरु'. तोच बाण, पण वाक्य घेणाऱ्यापासून सुरू केलं की 'मोराउ' (मिळणे). पुस्तकातल्या चित्रांत दोन माणसं आणि मध्ये भेटवस्तू असते, वर्तुळ नसतं. म्हणून 'माझ्या बहिणीला कुणीतरी दिलं' इथे मुलं अडतात. बहीण वर्तुळाच्या आत, म्हणून 'कुरेरु'.

मग फळा पुसायचा. जमिनीवर खडूनं तेच वर्तुळ काढायचं, दोघांना आत उभं करायचं, दोघांना बाहेर, आणि एक पेन इकडून तिकडे फिरवायचं. वाक्य नेहमी वर्तुळातल्यानंच म्हणायचं. आतल्यांनी जागा बदलून बाहेर यायचं की त्याच पेनचं क्रियापद बदलतं. मैत्रिणीला घरी करायचं असेल तर ताटाभोवती दोरा ठेवून चार बाहुल्याही चालतील. माणसांची चित्रंच हवी असतील तर 'इरासुतोया' या जपानी साइटवर फुकट मिळतात, प्रसंगही जपानी घरातले असतात. छापताना खाली शब्द मात्र लिहू नका.